शेवटचा बाक

खानापूरच्या चर्चमधला शेवटचा बाक
सव्वीस वर्षं माझा आहे.
त्याचा एक पाय आखूड. खाली
कौलांच्या कारखान्यातला खापरीचा तुकडा
मीच सरकवला होता.
हेही मी सांगत असतो.

पंखा तिथवर पोचत नाही.
दारातून ऊन येतं, चपलांचा वास येतो,
मलप्रभेकडची कुत्री डोकावून जातात.
लोक म्हणतात, मास्तर, पुढं या की वो.
मी हात हलवतो, असू दे, असू दे.
कुणी दोनदा म्हणालं की बरं वाटतं.
तिसऱ्यांदा म्हणालं तर
डोळे मिटून घेतो, प्रार्थनेत असल्यासारखे.

यंदा पवित्र गुरुवारी
फादर बारा जणांचे पाय धुणार होते.
आदल्या रात्री मी नखं कापली,
टाचा घासल्या, साबण दोनदा लावला,
आणि "नको, मी कशाला" हे वाक्य
आरशासमोर म्हणून पाहिलं.
फार मोठ्यानं नको. फार हळूही नको.

नावं वाचली गेली.
बेनितो सुतार. गेटमन आंतोन.
नंदगडहून येणारी नर्स.
कन्नड शाळेतली दोन पोरं, हसू दाबत.
अकरा झाली तेव्हा
मी बाकाची कड धरून अर्धा उठलो होतो.
"मरियव्वा."

वीटभट्टीवरची मरियव्वा.
माझ्याच बाकावर, खांबाआड, दर रविवारी.
मी तिला कधी मोजलंच नव्हतं.
ती काही नम्रतेनं तिथं बसत नसे.
पोर रडलं तर बाहेर पळता यावं, एवढंच.

"अय्यो, नन्न काल नोड्री," ती पुटपुटली
आणि साडीखाली पाय ओढून घेतले.
भेगांत लाल माती, अंगठ्याला चिंधी.
मग माझ्याकडं वळून,
"सर, ह्येला जरा धरतासा काय?"

धरलं.
गरम, जड, झोपाळू पोर.
त्यानं माझ्या खिशातलं पेन ओढलं, तोंडात घातलं
आणि माझ्या इस्त्रीच्या पँटवर
सावकाश, निवांत, मुतलं.

पुढं फादर गुडघ्यांवर.
परातीतलं पाणी लाल झालं.
दुसरं आणलं. तेही लाल.
टॉवेल विटेच्या रंगाचा.
मरियव्वा छताकडं बघत होती, ओठ घट्ट मिटून,
दवाखान्यात बघतात तशी.
आणि मला कळलं, माझे पाय धुतले असते
तर पाणी होतं तसंच राहिलं असतं,
आणि मला तेच सगळ्यांना दाखवायचं होतं.

ती परत आली. फरशीवर ओली पावलं.
माझी पँट पाहून कपाळावर हात मारला.
"असू दे," मी म्हणालो. "असू दे."
हे घोकलेलं नव्हतं.

त्या रात्री घंटा वाजत नाही,
लाकडी खटखट्या वाजतो.
त्याचा आवाज ऐकत मलप्रभेच्या पुलावर आलो
आणि लक्षात आलं की
घरी जाऊन ही गोष्ट कशी सांगायची
ते मी जुळवतोय.
पोराला मी स्वतःहून घेतलं होतं त्यात.
फादरनं लांबून पाहिलं होतं, मान डोलावली होती.
पँट अजून ओली होती
आणि गोष्टीतला मी
पुलाच्या कठड्यापेक्षा उंच.

कठड्याला टेकून थांबलो.
घरी काही सांगितलं नाही.
बायकोनं पँट भिजत घातली, विचारलंही नाही.

ईस्टरला लवकर गेलो.
खांबाबाहेरची जागा मरियव्वासाठी धरून ठेवली.
ती आलीच नाही. पोराला ताप होता, मागाहून कळलं.
मिस्सा सुरू व्हायच्या आधी
कुणीतरी सवयीनं म्हणालं, मास्तर, पुढं या की वो.

गेलो.
चौथ्या रांगेत, पंख्याखाली,
एका हुंगत्या म्हाताऱ्याच्या आणि भिंतीच्या मध्ये बसलो.
कुणी पाहिलं नाही.
पाहिलं का, म्हणून
एकदा मागं वळून पाहिलं.